सहा रेघांचा रविवार

विड्याचे एक पान घ्यायचे. त्यावर रक्तचंदनाने आदित्यराणूबाई काढायची, सहा रेघांचे मंडल करायचे. सहा सुतांचा एक तांतू, त्याला सहा गाठी. हे सारे रविवारी सकाळी, मौन धरून उठल्यावर आणि स्नान झाल्यावर. श्रावणातल्या पहिल्या आदितवारी सुरुवात करायची आणि माघातल्या रथसप्तमीला सांगता. म्हणजे सहा महिने, पंचवीस-सव्वीस रविवार.

आदित्यराणूबाईची कहाणी श्रावणात घरोघरी वाचली जाते. ऐकणाऱ्याचे लक्ष असते ते गरीब ब्राह्मणाच्या दोन मुलींकडे, त्यांच्या संसाराकडे, वसा टाकणारीच्या वाट्याला आलेल्या दुःखाकडे. वसा कसा करायचा ती वाक्ये कानांवरून निघून जातात. तीच वाक्ये कहाणीतून सुटी काढून पाहावीत. वार ठरलेला, वेळ ठरलेली, बोलणे बंद, रेघांची संख्या बांधलेली आणि जागा पानाएवढी. नक्षी काढता काढता मन स्थिर करण्याची इतकी आटोपशीर रीत माझ्या पाहण्यात दुसरी नाही, आणि ती कित्येक पिढ्या आपल्या देवघरात आहे.

अशीच एक रीत या शतकाच्या आरंभी अमेरिकेत स्वतंत्रपणे आकाराला आली. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या मारिया थॉमस या अक्षरलेखनाच्या कलाकार. मोठ्या अक्षरामागची बारीक नक्षी भरताना वेळेचे भान हरपते, मन निवांत होते, हे त्यांनी रिक रॉबर्ट्स यांना सांगितले. रॉबर्ट्स यांनी काही वर्षे संन्याशासारखी काढली होती. हे तर ध्यानच, हे त्यांनी ओळखले. दोघांनी मिळून जी पद्धत बसवली तिचे नाव झेंटँगल. साडेतीन इंच लांब, साडेतीन इंच रुंद असा जाड कागदाचा तुकडा, एक बारीक काळे पेन, पेन्सिलीने कोपऱ्यांत चार ठिपके, त्यांना जोडणारी सैल चौकट, आत एक भटकी रेघ, आणि त्या रेघेने पडलेल्या कप्प्यांत एकेक नक्षी. खोडरबर नाही, पट्टी नाही. कागदाला वरची-खालची बाजू नाही. सगळ्या नक्ष्या ठिपका, सरळ रेघ, कमान, नागमोडी वळण आणि गोल एवढ्या पाच खुणांतून निघतात. जगभर ही नक्षी काढणारे लोक आठवड्याला एक आव्हान घेतात: या आठवड्यात फक्त सरळ रेघा, पुढच्या आठवड्यात एकच नक्षी दोन आकारांत, त्यानंतर डाव्या हाताने.

या दोन रीतींचा एकमेकींशी काही संबंध नाही. तरी दोन्हींचे नियम शेजारी मांडले, तर दोन्हीकडे जागा लहान, खुणा मोजक्या, ठेका आठवड्याचा आणि मागे फिरायची सोय नाही. माझे म्हणणे एवढेच आहे, की मनाला निवांतपणा देतात ते हे नियम. नक्षी किती सुंदर उतरली याचा त्यात फारसा वाटा नाही.

याला एक चांगला पुरावा आहे. २००५ साली नॅन्सी करी आणि टिम कॅसर या अमेरिकी संशोधकांनी ८४ विद्यार्थ्यांना आधी आयुष्यातला सर्वांत भीतीचा प्रसंग लिहायला लावला आणि मग रंगवायला बसवले. काहींना गोल मंडलाची आकृती दिली, काहींना लुंगीच्या कापडावर असतात तशा आडव्या-उभ्या चौकटी, आणि काहींना कोरा कागद. मंडलवाल्यांची अस्वस्थता उतरली. चौकटीवाल्यांचीही तेवढीच उतरली. कोऱ्या कागदावर मनाला येईल ते रंगवणाऱ्यांची मात्र तशी उतरली नाही. मंडलाला आपण पवित्र मानतो, आणि मानावेच. पण या प्रयोगात काम केले ते आखलेल्या आकृतीने. पुढे काय काढू, हा प्रश्न आकृतीने आधीच सोडवलेला असतो. कोरा कागद तो प्रश्न दर क्षणाला विचारत राहतो.

मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी हे स्वतःवर अनुभवले होते. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८-१९ च्या सुमारास, ते स्वित्झर्लंडमधल्या शातो-दे इथे ब्रिटिश स्थानबद्धांच्या छावणीचे प्रमुख होते. तिथे ते रोज सकाळी वहीत एक छोटे वर्तुळाकार चित्र काढत, आणि मनाची त्या दिवसाची अवस्था त्यात उमटलेली पाहत. या आकृत्यांसाठी त्यांनी पुढे आपलाच मंडल हा शब्द घेतला.

आठवड्याचा वसा हा आपल्याकडचा एक प्रकार. रोजचा वसा याहून कठीण, आणि त्यातला सर्वांत थक्क करणारा गोपद्मांचा. आषाढी एकादशीला चातुर्मास लागला, की रोज देवापुढे किंवा तुळशीपाशी रांगोळीने तेहतीस गोपद्मे काढायची, म्हणजे गाईच्या खुरांचे ठसे. दोन थेंबांसारखे दोन आकार, टोके जवळ, पोटे बाहेर. कार्तिकात द्वादशीपर्यंत हे चालते. चार चांद्रमासांचे दिवस सुमारे ११८. रोज ३३ धरले तर एका चातुर्मासात ३,८९४ गोपद्मे. व्रत पाच वर्षांचे असते आणि मग उद्यापन. म्हणजे एका बाईच्या बोटांतून एकच आकार एकोणीस हजारांहून अधिक वेळा उतरतो. अधिक महिना मध्ये आला तर आणखी.

गोपद्मांच्या कहाणीत स्वर्गातल्या सभेतली वाद्ये फुटतात, आणि ती मढवण्यासाठी ज्याने काही वसा घेतलेला नाही अशाचे कातडे हवे असते. कृष्णाला सुभद्रेची काळजी वाटते, तो धावत तिच्याकडे जातो आणि तिच्याकडून तेहतीस गोपद्मे काढवून घेतो. काढायला सांगितले आहे ते देवाचे चित्र नाही, मोठी रांगोळीही नाही. लहान मुलीला जमेल असा एक आकार, पण तेहतीस वेळा. पहिली चार-पाच काढताना मन इकडेतिकडे असते. दहाव्या-बाराव्यापासून हात आपोआप चालू लागतो, आणि शेवटच्या काहींत आकडा चुकू नये एवढेच भान उरते. ज्यांनी हे केले आहे त्यांना मी काय म्हणते ते लगेच कळेल.

हाताचे हे काम वरवर दिसते त्याहून अवघड आहे. रांगोळीची पूड पिठासारखी मऊ असून चालत नाही. ती बोटांना चिकटते आणि रेघ तुटते. थोडी रवाळ असली तर अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीतून सारखी सुटते. घाटावर शिरगोळ्याची पूड वापरत आले आहेत. कोकणात भाताची फोलपटे जाळून पांढरी राख करत. बोटे जमिनीला टेकवायची नाहीत, वीतभर वरूनही सोडायची नाही. रेघेची जाडी त्या अंतरावर आणि चिमटीच्या दाबावर ठरते. रेघ ओढताना श्वास आपोआप संथ होतो. घाईने घेतलेला श्वास रेघेत दिसतो.

ठिपक्यांसाठी वर्तमानपत्राचा कागद घ्यायचा, त्याला पेटत्या उदबत्तीने सारख्या अंतरावर भोके पाडायची आणि त्यावर रांगोळी पसरून हात फिरवायचा. कागद उचलला की खाली ठिपके तयार. रांगोळीच्या पुस्तकांत लिहिलेले असते: सात ठिपके, चारपर्यंत. म्हणजे मधल्या ओळीत सात, आणि वर-खाली एकेक कमी होत चारवर थांबायचे. ४, ५, ६, ७, ६, ५, ४. एकूण ३७. अकरा ते सहा असेल तर ९१. दोन्ही वेळा षटकोन तयार होतो, आणि मग त्यात कमळ, चांदणी, कासव काय हवे ते बसते. हे ३७ आणि ९१ गणितातले केंद्रित षट्कोणी आकडे आहेत. शाळेची पायरीही न चढलेल्या बायकांच्या पिढ्यांनी ते बोटांवर बाळगले.

धुळीत चित्र काढण्याची ही विद्या किती जुनी, याची एक खूण मराठी मुलखाच्या अगदी सीमेवर सापडते. बीदर जिल्ह्यातले बसवकल्याण ही कल्याणीच्या चालुक्यांची राजधानी. तिथल्या तिसऱ्या सोमेश्वर राजाने बाराव्या शतकात मानसोल्लास हा ग्रंथ रचला. राज्यकारभारापासून स्वयंपाकापर्यंत सगळे त्यात आहे, आणि धूलिचित्राचा उल्लेखही आहे. श्रीकुमाराच्या शिल्परत्न या ग्रंथात याच कलेला क्षणिकचित्र असेही नाव दिलेले आहे. वात्स्यायनाच्या चौसष्ट कलांच्या यादीत तांदूळ आणि फुलांनी केलेल्या रचना येतात. म्हणजे पुसून जाणारे चित्र हे राजाच्या ग्रंथात नोंदवण्याइतके मोलाचे मानले जात होते.

पुसले जाणे हा या सरावाचा एक भागच आहे. झेंटँगलचा कागद जपून ठेवता येतो, आणि लोक ते डब्यांत साठवतात. रांगोळी संध्याकाळपर्यंत पावलांनी विसकटते. दुसऱ्या दिवशी हात पुन्हा पहिल्या ठिपक्यापासून सुरू करतो, कालच्या चांगल्या रांगोळीचे ओझे न घेता. मला हे अधिक आवडते.

सगळ्या घरगुती नक्ष्यांत ऐश्वर्याने भरलेले ते चैत्रांगण. चैत्रात गौर माहेरी येते, तिला पाळण्यात किंवा मखरात बसवतात, आणि अक्षय्यतृतीयेपर्यंत अंगणात तिचे सारे जग काढतात. वर तोरण आणि गुढी, एका बाजूला सूर्य, दुसरीकडे चंद्र. शंख, चक्र, गदा, कमळ, स्वस्तिक, तुळशी वृंदावन, गोपद्म, कासव, नाग, हत्ती, गाय-वासरू, आंबा, नारळ, हळदकुंकवाचे करंडे, फणी, आरसा. माहेरवाशिणीला लागणारी फणीसुद्धा विसरायची नाही. एवढी चिन्हे एका बैठकीत आठवून काढायची तर स्मरणशक्ती लागते, आणि कोणते चिन्ह कोणाशेजारी बसवायचे याची दृष्टी लागते.

आता हे अंगण गेले कुठे, हा प्रश्न नवी मुंबईत राहणाऱ्याला पडतोच. खाडीपलीकडे दुसरे शहर वसवावे, ही कल्पना वास्तुविशारद चार्ल्स कोरिआ व प्रविणा मेहता आणि अभियंते शिरीष पटेल यांनी १९६५ साली मार्ग नियतकालिकात मांडली. १७ मार्च १९७० रोजी त्यासाठी सिडको या महामंडळाची स्थापना झाली, आणि ठाणे, पनवेल, उरण पट्ट्यातल्या ९५ गावांच्या जमिनीवर हे शहर उभे राहिले. आगरी-कोळी गावांची अंगणे आता इमारतींनी वेढलेली आहेत. सिडकोने आखलेल्या वसाहतींमधल्या इमारतींत उंबऱ्याबाहेर लांबलचक सामायिक मार्गिका, तिच्यावर गुळगुळीत फरशी, आणि दाराच्या बाजूला चप्पलांच्या कपाटाने सोडलेली हातभर जागा.

कोरिआंनी मात्र बेलापूरला एक वेगळा प्रयोग केला. १९८३ ते १९८६ या काळात त्यांनी तिथे जी वसाहत आखली ती आज आर्टिस्ट्स व्हिलेज म्हणून ओळखली जाते. सात घरे, मध्ये आठ मीटर लांब-रुंद अंगण. असे तीन गट मिळून एकवीस घरांच्या मध्ये बारा मीटरचे अंगण. त्यांचे पुन्हा तीन, आणि मध्ये वीस मीटरचे. लहान आकार मोठ्यात, मोठा त्याहून मोठ्यात. ठिपक्यांची रांगोळी वाढवत नेतात ती याच पद्धतीने, म्हणून नव्या मुंबईतल्या वास्तूंपैकी ही मला सर्वांत जवळची वाटते. कोणाचेही घर दुसऱ्याच्या घराला चिकटलेले नाही, आणि जो तो आपले घर वाढवू शकतो. आज तिथली कित्येक घरे मूळ आराखड्याहून वेगळी दिसतात, अंगणे मात्र जागेवर आहेत.

बाकी शहरात रांगोळीने हातभर जागेशी जुळवून घेतले आहे. फरशीवर गेरूच्या रंगाचा चौकोन रंगवून ठेवतात, त्यावर पांढरी रेघ उठून दिसते. काही दारांत चिकटवायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या असतात. काही ठिकाणी छापे, चाळण्या, फिरवली की वेलबुट्टी उमटवणारी नळी. सकाळची लोकल पकडणाऱ्या बाईने छापा वापरला तर तिला कोण बोलणार? पण छाप्यातून नक्षी मिळते, नक्षी काढतानाचा वेळ मिळत नाही, आणि आपण ज्याबद्दल बोलत आहोत ते त्या वेळातच आहे.

आठवड्याचा ठेका या शहरात सर्वांत ठळक दिसतो तो मार्गशीर्षात. महालक्ष्मीच्या व्रताचे चार, कधी पाच गुरुवार. बुधवारी संध्याकाळी स्टेशनांबाहेर वेण्या, पाच प्रकारच्या डहाळ्या, पाच फळे यांचे ढीग लागतात, आणि गुरुवारी सकाळी चौरंगाखाली रांगोळी: स्वस्तिक, कमळ, दारातून आत येणारी लक्ष्मीची पावले. कामावर जाणाऱ्या बायकांनी जपलेले हे साप्ताहिक रेखाटन आहे. त्याच सुमारास, डिसेंबरच्या मध्यापासून, तमिळ पंचांगातला मार्गळी महिना लागतो, आणि नेरूळ-वाशीच्या इमारतींत तमिळ कुटुंबांच्या दारांपुढे रोज कोलम, म्हणजे त्यांची रांगोळी, दिसू लागते. एकाच मजल्यावर मराठी दारात ठिपके रेघांनी जोडलेले, आणि शेजारच्या दारात रेघ ठिपक्यांना न शिवता त्यांच्याभोवती वळसे घेत गेलेली. दोघी शेजारणींनी एकमेकींची पद्धत शिकून घ्यावी, असे मला मनापासून वाटते, कारण त्या वळशांच्या रेघेत एक नवल दडलेले आहे.

ते नवल असे. ठिपके आडव्या-उभ्या ओळींत मांडा. रेघ तिरकी, दोन ठिपक्यांच्या मधून काढा; कडेला पोचली की वळवून परत आत आणा; कोपऱ्यातल्या ठिपक्याला वळसा घाला. कुठेही हात न उचलता ती आपल्या आरंभबिंदूला येऊन मिळेल. आता सगळे ठिपके एकाच रेघेने वेढले गेले का? तीन ओळी आणि चार रकाने असतील, तर हो. चार ओळी, चार रकाने असतील तर नाही. चार वेगवेगळ्या रेघा लागतील. किती लागतील हे आधी सांगता येते: ओळी आणि रकाने यांचा मसावि काढा. सहावीच्या पुस्तकातला तोच महत्तम साधारण विभाजक. ३ आणि ४ चा मसावि १, म्हणून एक रेघ. ४ आणि ४ चा ४, म्हणून चार.

हा नियम गणितज्ञ पाउलुस गेर्देस यांनी मोझांबिकमध्ये राहून अभ्यासला, आणि त्यांच्यासमोर होती ती अंगोलातल्या चोक्वे लोकांची वाळूतली चित्रे, ज्यांना ते सोना म्हणतात. चोक्वे कथेकरी वाळूत बोटांनी ठिपक्यांच्या ओळी उमटवतात आणि गोष्ट सांगत सांगत त्यांच्याभोवती अखंड रेघ फिरवतात. पॅसिफिक महासागरातल्या वानुआतू बेटांवरही एका बोटाने अखंड रेघेची वाळूचित्रे काढतात. युनेस्कोने २००८ साली ती मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. आपल्याकडे मद्रास ख्रिश्चन कॉलेजात गिफ्ट सिरोमनी, रानी सिरोमनी आणि कमला कृतिवासन यांनी कोलमचा अभ्यास केला आणि १९७४ साली कोलमच्या नक्ष्यांवरून संगणकासाठी चित्रांचे व्याकरण मांडणारा शोधनिबंध प्रसिद्ध केला. तामिळनाडूतले उंबरे, अंगोलातली वाळू आणि वानुआतूचा किनारा: इतक्या दूरच्या माणसांच्या हातांनी, रेघ तुटू द्यायची नाही, ही एकच अट स्वतःला घातली.

ज्याला हे सुरू करायचे आहे त्याने वार आधी ठरवावा, नक्षी नंतर. वहीचे पान चालेल, पाटी चालेल, दारातली हातभर फरशी तर उत्तमच. पहिल्या रविवारी सात ते चारचे ३७ ठिपके आणि फक्त सरळ रेघा. दुसऱ्या रविवारी तेहतीस गोपद्मे, मनात मोजत, एकाही शब्दाशिवाय. तिसऱ्या रविवारी तीन ओळी, चार रकाने आणि एकच वळणारी रेघ. ती पहिल्या वेळी बहुधा मध्येच चुकते, तेव्हा पुसायचे नाही, रविवार संपला असे समजायचे आणि पुढच्या रविवारी तीच पुन्हा घ्यायची. ती जमली की पाच ओळी, सहा रकाने. मसावि पुन्हा एकच, पण ठिपके तीस, आणि रेघ इतकी लांब की मध्ये चिमूट दोन-तीनदा भरून घ्यावी लागते. चिमूट भरताना कुठे थांबलो ती जागा डोळ्यांनी धरून ठेवायची. मग सहा ओळी, नऊ रकाने. मसावि तीन, म्हणून तीन वाट्यांत तीन रंग काढून ठेवायचे, आणि प्रत्येक रेघेला एक रंग द्यायचा.